पहिलीच्या बाई आणि त्यांचे हेडसर

माझा स्वभाव तापट आहे, हे माझ्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना ठाऊक आहे. माझी स्कूटर फाटकातून आत आली की शाळेतली बडबड बंद होते. मुलांची नव्हे, शिक्षकांची. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा सरकारी शाळांची देखरेख करणारा माणूस, धड साहेब नाही आणि धड मास्तरही नाही. वरचे म्हणतात तुमचं शाळांकडे लक्ष नाही, खालचे म्हणतात जरा जास्तच आहे. मी दोघांचंही ऐकून घेते आणि मला करायचं तेच करते.

माझ्या शाळा मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. कुठे कोळीवाड्याच्या अंगणात, कुठे मोहल्ल्याच्या मागे, एखादी सुपारीच्या बागेत अशी दडलेली की नवा अधिकारी हमखास पुढे निघून जातो आणि मग फोन करून माझ्यावरच चिडतो. या रस्त्याने हिंडायचा पगार मिळतो, हे मला अजूनही फुकटात मिळाल्यासारखं वाटतं.

ज्या वर्षी पहिलीला नवा अभ्यासक्रम आला, त्या वर्षी आम्हाला वरून सांगण्यात आलं की या वेळी नुसतं शिक्षकांना प्रशिक्षण देऊन भागणार नाही. मुख्याध्यापकांनी आपापल्या शिक्षकांना आधार द्यायचा, आणि तो कसा द्यायचा हे मुख्याध्यापकांना आम्ही शिकवायचं. कल्पना मला मनापासून पटली. पण माझ्या मुख्याध्यापकांनी आधार द्यायला सुरुवात केली ती त्यांच्या पद्धतीने. एकाने परिपत्रकाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'तात्काळ कार्यवाही करावी.' दुसऱ्याने फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर नव्या अभ्यासक्रमाचं स्वागत होतं आणि शेजारी अभ्यासक्रमापेक्षा मोठा त्याचा स्वतःचा फोटो. तिसऱ्याने पहिलीच्या पोरांसाठी आलेली खेळण्यांची पेटी खराब होऊ नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवली. मी आले की पेटी बाहेर यायची, मी निघाले की आत. एकदा तर पोरांनी मला पाहताच "खेळ आला, खेळ आला" म्हणून ओरडा केला, तेव्हा मला ते कळलं. त्या दिवशी मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला सांगायचं आहे ते कोळीवाड्याजवळच्या एका शाळेबद्दल.

त्या शाळेत पहिलीचा वर्ग एका बाईंकडे. मधे बदलीने दोन-तीन गावं फिरून आल्या तेवढंच, बाकी सगळी नोकरी याच गावात आणि सगळी पहिलीला. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. ज्येष्ठतेने मुख्याध्यापकाचा पदभार त्यांच्याकडे यायचा, पण त्यांनी सरळ नकार दिला. "मला पहिली पुरे," म्हणाल्या. मग तो पदभार गेला सातवीला गणित शिकवणाऱ्या एका तरुण सरांकडे. सगळे त्यांना हेडसर म्हणू लागले. हेडसर याच कोळीवाड्यातले, आणि त्यांना पहिलीत अक्षरं गिरवायला लावली ती याच बाईंनी.

श्रावणात मी त्या शाळेत गेले तर बाईंनी मला पाण्याच्या टाकीपाशीच गाठलं. इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक काम करा. दिवाळीनंतर पहिली दुसऱ्या कोणाला द्या. आमच्या नव्या मॅडम हायेत ना, तरुण हायेत, त्यांना द्या."

मला आधी वाटलं की या थट्टा करताहेत. ज्या बाईंनी पहिलीसाठी खुर्ची सोडली, त्या पहिली सोडणार?

"का हो बाई?"

"माझ्याच्यानं न्हाय होत ते नवं. ट्रेनिंगला शिकवायला आलेल्या पोरीनं आम्हाला बेडूकउड्या मारायला लावल्या. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक. मी खाली बसले ती उठेचना. मागं कोणीतरी हसलं." बाईंनी पदराने मानेवरचा घाम पुसला. "ग्रुपवर बघते ना मी. सगळ्या नाचतात, गातात, व्हिडिओ टाकतात. मी काय टाकू?"

मी काही म्हणणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "आणि हेडसर सगळ्यांच्या वर्गात जातात. माझ्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. काय समजायचं ते मी समजले."

मी तरातरा हेडसरांच्या खोलीत गेले. त्यांना विचारलं, बाईंनी पहिली सोडायचं तुमच्यापाशी काढलं होतं का?

"काढलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बाई म्हणतात तर नाही कसं म्हणू?"

"त्यांच्या वर्गात जाऊन बसलात किती वेळा?"

"रोज जातो मॅडम." मग जरा थांबून, "म्हणजे, व्हरांड्यातून."

"आत?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. सातवीच्या पोरांना थरथर कापायला लावणारा माणूस, पण त्या वेळी त्यांचा चेहरा पहिलीतल्या पोरासारखा झाला होता. "मॅडम, त्यांनी माझा हात धरून पाटीवर अक्षरं काढून घेतलीत. मी त्यांच्या वर्गात खुर्ची टाकून, हातात पेन घेऊन बसू? आणि त्या उभ्या राहून शिकवणार? माझी आई मला घरात घेणार नाही."

मी कपाळावर हात मारला. हा मनुष्य आदराने दारातून परत फिरत होता, आणि बाईंना वाटत होतं की आपलं शिकवणं बघवत नाही म्हणून तो परत जातो. आमच्याच शाळांत व्हावा असा हा घोटाळा. गुरूसमोर खुर्चीवर बसायचं नाही हे त्याला पक्कं शिकवलं होतं, आणि शिकवलं कोणी, तर बाईंनीच.

सोपा उपाय होता. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं. पण मी तो केला नाही. हेडसर बाईंच्या पाया पडले असते, बाई रडल्या असत्या, चहा झाला असता आणि पहिलीचा वर्ग होता तिथेच राहिला असता. बाईंची भीती नुसत्या हेडसरांची नव्हती, नव्या अभ्यासक्रमाचीही होती.

म्हणून मी हेडसरांना म्हटलं, "पुढच्या आठवड्यात तुम्ही पहिलीला एक तास घ्यायचा. नव्या पद्धतीने. बाई मागे बसतील आणि तुमचं कुठे चुकतं ते बघतील. मीही येते."

"मॅडम, पहिलीला? मी सातवीचा माणूस."

"मग सातवीच्या माणसाला पहिली काय असते ते कळेल."

त्या दिवशी हेडसर इस्त्रीचा शर्ट घालून आले. पेटीतले रंगीत मणी, ठोकळे, सगळं ताटात मांडून तयार. बाई मागे खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी चटईवर. बाईंना मी बजावलं होतं की काही झालं तरी मधे बोलायचं नाही. हेडसरांनी पोरांना रंगांप्रमाणे मणी वेगळे करायला सांगितले. पोरांनी केले, फटाफट केले. मग हेडसरांनी मागे हात बांधून विचारलं, "यावरून आपल्या काय लक्षात येतं?"

वर्गात शांतता. सातवीत हा प्रश्न विचारला की चार हात वर होत असतील. इथे पुढे बसलेली एक चिमुरडी बराच वेळ त्यांच्याकडे निरखून बघत होती, ती म्हणाली, "सर, तुमचा बटन उघडा हाय."

बटण लावेपर्यंत ताटातले मणी पसार झाले होते. एक पोरगा लाल मणी दुसऱ्याच्या कानात घालून बघत होता. "सर, मना द्या, मना द्या" असा कालवा सुरू झाला. एकाला शू लागली, तर पाठोपाठ आख्ख्या ओळीला लागली. हेडसरांनी सातवीचा आवाज काढला, "शांत बसा!" त्याबरोबर तीन-चार पोरांनी भोकाड पसरलं. माझ्या शेजारी बाईंनी पदर तोंडात कोंबला होता आणि खुर्ची हलत होती.

हेडसरांनी केविलवाण्या नजरेने मागे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "सर, तुम्ही बसा," म्हणाल्या. हेडसर खुर्ची शोधू लागले तसा बाईंचा आवाज एकदम बदलला. "अरे खुर्ची काय शोधतोस? बस हितं, पोरांत."

आणि हेडसर इस्त्रीच्या पँटीत मांडी घालून बसले. पोरं रडायची थांबली. इतका मोठा माणूस आपल्या चटईवर बसतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी कपाटाच्या मागे हात घालून एक जुना पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडायच्या आधी माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हे जरा अभ्यासाव्यतिरिक्त हाय. रागावू नका."

डब्यात शिंपले होते, लहानमोठे, आणि एका पिशवीत चिंचोके. बाई पोरांना म्हणाल्या, "चला, बाजार लावा. सगळे वाटे सारखे पाहिजेत हां."

आमच्याकडे बारीक मासळी वाट्यावर विकतात. पाटीवर, म्हणजे टोपलीवर, कोळंबीचे, मांदेलीचे छोटे छोटे ढीग मांडायचे, तो एकेक वाटा. कोळीवाड्यातल्या पोरांनी हे आईच्या मांडीवर बसून पाहिलेलं. पाचेक पोरी लिहायच्या पाट्याच टोपलीसारख्या पुढे घेऊन ओळीने बसल्या, शिंपल्यांचे वाटे लावले, आणि बाकीचे चिंचोके मुठीत धरून गिऱ्हाईक झाले. मग जो गलका उठला! "तुझा वाटा बारका हाय." "मोज ना मग." एकीने मोजून दाखवलं, दुसऱ्याने परत मोजून तिची चूक काढली. "वर दोन टाक, न्हायतर मी चाललो तिकडं." हेडसर दोन चिंचोके घेऊन एका पाटीसमोर गेले तर त्या दुकानदारणीने त्यांना फटकारलं, "एवढ्याला येत न्हाय, अजून तीन आणा." मोजणी झाली, कमी-जास्त झालं, सारखी वाटणी झाली, बेरीज झाली, आणि जी पोरं मघाशी एका प्रश्नाला गप्प होती ती घसा फोडून बोलत होती. बाई खुर्चीत बसून फक्त मधेच एखादा प्रश्न टाकायच्या. "उरले किती गं?" "कोणाकडं जास्त?" एकही बेडूकउडी मारावी लागली नाही.

एवढ्यात हेडसर चटईवरून ओरडले, "बाई! हा आपला शनिवारचा बाजार! तुम्ही दार लावून घ्यायचात तो!"

"हळू बोल!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मॅडम बसल्यात."

मला इतकं हसू आलं की मीच वर्गाबाहेर जाऊन आले. इतकी वर्षं या बाई शनिवारी शेवटच्या तासाला दार लावून बाजार भरवत होत्या, आणि कोणा साहेबाने पाहिलं तर म्हणेल की शिकवायचं सोडून पोरांना खेळवतात, म्हणून लपवत होत्या. आठवडाभर रांगेत बसवून घोकून घ्यायचं, ते शिकवणं. आणि शनिवारी पोरं ज्यात खरोखर शिकायची, ती चैन. मी आत येऊन सांगितलं, "बाई, नवा अभ्यासक्रम म्हणजे हेच. तुमचा शनिवार आता सोमवारी करायचा."

"आणि बेडूकउड्या?"

"गुडघे असणाऱ्यांनी माराव्यात."

मधल्या सुटीत खिचडीची ताटं वाटून झाल्यावर बाईंनी हेडसरांना व्हरांड्यातच धरलं. मी खांबापाशी होते, हलले नाही. बाईंनी सरळ विचारलं, "मग माझ्या वर्गात का येत नव्हतास?"

हेडसरांनी खाली बघत सांगितलं, खुर्चीचं आणि पेनाचं.

बाई म्हणाल्या, "खुळा का काय तू? अरे, खुर्ची नको तर नको. चटई हाय की." त्या हसल्या आणि डोळेही पुसले. त्यांना समोरासमोर मी बसवलं नव्हतं, पण मला भारी आनंद झाला. पहिली सोडायचं मात्र बाईंनी लगेच मागे घेतलं नाही. "दिवाळीपर्यंत बघते," म्हणाल्या. "माझे गुडघे आधी थकतात का हौस, ते कळू दे."

त्यानंतर हेडसर आठवड्यातून एकदा पहिलीच्या चटईवर बसू लागले. बाईंच्या वाट्याची ऑनलाइन माहिती भरायची कामं त्यांनी स्वतःकडे घेतली, म्हणजे बाईंना तयारीला वेळ मिळावा. खेळण्यांची पेटी पहिलीच्या वर्गातच राहू लागली. दर महिन्याला मुख्याध्यापकांची बैठक होते, तिथे मी इतरांना सांगायची की आधार द्यायचा तर आधी खाली बसा. तो फ्लेक्सवाला मला म्हणाला, "मॅडम, पँट खराब होते." मी म्हटलं, "मग फ्लेक्स अंथरा."

आश्विनात एका संध्याकाळी हेडसरांचा फोन आला. आवाज काळजीचा. "मॅडम, एक गोष्ट दिसली. बाजारात कोळीवाड्याची पोरंच दुकानं लावतात. वाडीवरची पोरं कायम गिऱ्हाईक. तीही मागे उभी, एक वाटा घेतला की गप्प बसतात. त्यांची मोजणी होतच नाही." वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची कातकऱ्यांची वस्ती. "बाईंच्या ध्यानात आलेलं नाही. मी कसं सांगू?"

"जसं मला सांगितलंत तसं."

"तुम्ही सांगाल का?"

"मी नाही. मी महिन्यातून एकदा येते. बघितलं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. या वेळी आवाज पार पडलेला. त्यांनी डबा खाताना बाईंना सांगितलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि एक शब्द न बोलता वर्गात निघून गेल्या. "मॅडम, मी सगळं घालवलं. आता त्या पहिली सोडणारच." मी त्यांना धीर दिला, पण खरं सांगायचं तर मलाही तीच भीती वाटत होती. दिवाळीची सुटी आठवड्यावर होती. त्या आठवड्यात बाई हेडसरांशी कामापुरतंच बोलल्या, आणि पहिलीच्या वर्गाचं दार, म्हणे, बंद असायचं.

सुटी लागायच्या आदल्या दिवशी शाळेची बैठक होती. मी मुद्दाम गेले. हेडसरांनी घसा साफ केला आणि कागदावरून नजर न उचलता सुरू केलं, "बाईंच्या इच्छेप्रमाणे सुटीनंतर पहिलीचा वर्ग..."

नव्या मॅडम सरसावून बसल्या. त्या हुशार आहेत आणि त्यांना पहिली हवीही होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी माझा वर्ग बघा."

आम्ही सगळे उठून पहिलीत गेलो. बाजार भरलेला होता. पण नुसता मासळीचा नाही. एका बाजूला वाडीवरची पोरं दुकान लावून बसली होती, आणि त्यांच्यापुढे होत्या मोळ्या. वाडीवरच्या बाया सरपणाच्या विकतात तशा, वाळक्या काड्यांच्या छोट्या छोट्या मोळ्या, प्रत्येकीत दहा काड्या, सुतळीने बांधलेल्या, आणि बाजूला सुट्या काड्या. कोळीवाड्याची एक पोर तावातावाने म्हणत होती, "मना तेवीस पाहिजेत." समोरच्या मुलाने, ज्याचा आवाज मी जूनपासून कधी ऐकला नव्हता, दोन मोळ्या तिच्यापुढे टाकल्या आणि वर तीन काड्या मोजून ठेवल्या. मग हात पुढे केला. "चिंचोके दे आधी."

दशक आणि एकक समजावून सांगायला आम्ही प्रशिक्षणात अख्खी दुपार घालवली होती.

हेडसर दारात उभे होते. बाई त्यांच्याकडे वळल्या, पण बोलल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या नोकरीत या वर्गात लई साहेब येऊन गेले. बसले, 'छान' म्हणाले, सही केली, चहा प्यायले, गेले. आपलं कुठं राहतंय हे एकानंही सांगितलं न्हाय. मला वाटायचं, आपल्या वर्गाकडं कोणी बघतच न्हाय. हा बघत होता." पदर खोचत त्या पुढे म्हणाल्या, "ऐकलं तेव्हा राग आला मला. लई आला. दोन दिवस जेवण गेलं न्हाय. मग वाडीवर गेले, पोरांच्या आयांपाशी बसले, आणि मोळ्या बांधायला शिकले."

 मी डोळे पुसायला रुमाल शोधला, तर तो घरीच विसरले होते.

"पहिली मी रिटायर होईपर्यंत कोणाला देऊ नको," बाईंनी त्यांना बजावलं. मग नव्या मॅडमचा पडलेला चेहरा त्यांनी पाहिला आणि तिचा हात धरून तिला चटईवर बसवलं, मोळ्यांच्या दुकानासमोर. "तू बी येत जा. माझं काय चुकतंय ते बघ, आणि मला सांग. नुसतं छान म्हणून जायचं न्हाय हां."